माझ्या विहिरीचे पाणी कोणाचे?



काही वर्षांपूर्वीच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. सकाळच्या मिस्साहून घरी परतत होतो. शेजारची मावशी आपल्या विहिरीच्या काठावर तांब्या घेऊन उभी होती. मला हाक मारून म्हणाली, "जरा चाखून बघ रे. मला वाटतं माझीच जीभ बिघडली." मी एक घोट घेतला. तिची जीभ बिघडलेली नव्हती. पाणी मचूळ झाले होते.

त्या विहिरीचे पाणी मी लहानपणापासून प्यायलो होतो. आमच्या आळीत लग्न असले की स्वयंपाकाचे पाणी तिथूनच नेत, कारण त्यात डाळ लवकर शिजते असे बायका म्हणत. त्या वर्षी मावशीच्या केळीच्या पानांच्या कडा करपल्या. पुढच्या वर्षी मोगरा गेला.

मला कारण ठाऊक होते. निदान त्यातला माझा वाटा तरी ठाऊक होता. त्याआधीचे दोन उन्हाळे मी माझ्या वाडीतल्या बोअरवेलचे पाणी टँकरवाल्याला विकले होते. घराचे काम अर्धवट होते, मुलीचे लग्न तोंडावर आले होते आणि वाडीतून मजुरीसुद्धा सुटत नव्हती. टँकर दिवसाला चार-पाच फेऱ्या करी, पैसे रोख मिळत. हे काही चोरी-लबाडीचे पैसे नव्हेत, माझ्याच जमिनीतले पाणी विकून आलेले आहेत, असे मी मनाला सांगत असे. त्या पैशांतून मी देवळाच्या सणाला वर्गणीही नेहमीपेक्षा जास्त दिली होती.

मावशीने मला काही विचारले नाही. मीही तिला काही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यापासून ती पिण्याचे पाणी आमच्या नळावरून नेऊ लागली. दर वेळी कळशी उचलताना "देव तुझं भलं करो" म्हणे. ते शब्द मला टोचू लागले, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न मनात घर करून बसला. माझ्या विहिरीचे पाणी नेमके कोणाचे? ते माझे असेल, तर मी चुकलो कुठे? ते माझे नसेल, तर मी विकले काय?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आपल्या धर्मग्रामात विहिरी आहेत, बोअरवेल आहेत, टँकर मागवणाऱ्या सोसायट्या आहेत आणि नळ उघडा ठेवून दात घासणारेही आहेत. म्हणून आज आपण सर्वांनी मिळून यावर विचार करावा असे वाटते.

कायदा आणि वाळू

प्रथम कायद्याकडे पाहू. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले भूगर्भातले पाणी काढण्याचा अधिकार मानला. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, हा समज त्यातूनच रुजला. पुढे राज्य शासनाने पाण्याच्या उपशावर नियंत्रण आणणारे कायदे केले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा त्यांपैकी एक. तरीही आपल्या मनातला कायदा अजून १८८२ चाच आहे. "माझी जमीन, माझी विहीर, माझा पंप, विजेचे बिल मी भरतो, दुसऱ्याने का बोलावे?" हे वाक्य आपण कितीदा ऐकले आणि कितीदा उच्चारले आहे!

आता वाळूकडे पाहू. जमिनीवर आपण कुंपण घालतो, परंतु खाली कुंपण नाही. आपल्या वसईच्या किनारपट्टीत पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि समुद्राच्या बाजूने आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी किंचित हलके असते, म्हणून ते वर राहते. घायबेन नावाचा डच अभियंता आणि हर्झबर्ग नावाचा जर्मन अभियंता यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचा एक ठोकताळा मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. उपसा करून ती पातळी एक फुटाने खाली आणली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते. जमिनीचे थर सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे हे गणित प्रत्येक ठिकाणी तंतोतंत लागू पडत नाही. पण दिशा तीच असते.

म्हणजे मी पंप लावतो तेव्हा फक्त माझ्या विहिरीतले पाणी काढत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीखालचे मीठ वर ओढत असतो. आणि नुसते कमी झालेले पाणी पुढच्या पावसाळ्यात भरून येते, तसे खारे झालेले पाणी एका पावसात गोडे होत नाही. वाळूत शिरलेले मीठ धुऊन निघायला अनेक पावसाळे लागतात.

रहाट आणि बटण

आपल्या वाडवडिलांना घायबेन आणि हर्झबर्ग ठाऊक नव्हते. पण त्यांच्या रीतीभातींत हे शहाणपण होते. त्यांनी आपल्या वाड्यांत बावखले खणली. पावसाचे पाणी त्यांत साठे, तिथून ते जमिनीत झिरपे आणि आसपासच्या विहिरींची पातळी टिकून राही. बावखलाने जमीन अडवली असे त्यांना कधी वाटले नाही. उलट, बावखलामुळेच बाकीची जमीन जमीन राहिली.

विहिरीवर रहाट असे. तो बैलाच्या पायांनी चाले. बैल थकला की थांबे, आणि बैल थांबला की विहीरही विसावा घेई. त्या वेळच्या माणसांना हाव नव्हती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यांनाही हाव होती, पण त्या हावेला बैलाच्या दमाची मर्यादा होती. आज माझ्या हाती बटण आहे. बटण थकत नाही. बैल जी मर्यादा पाळायला लावी, ती आता माझी मीच पाळायला हवी. यंत्राने आपले कष्ट कमी केले, पण जबाबदारी मात्र वाढवली आहे.

पंप आले, नळ आले, जागेला भाव आला आणि एक एक बावखल भरले जाऊ लागले. कुठे घर उभे राहिले, कुठे गाळे, कुठे नुसताच राडारोडा. आमच्या वाडीतले बावखल माझ्या वडिलांनी अर्धे भरले आणि उरलेले मी. त्यासाठी कोणा बाहेरच्या माणसाला दोष देण्याची सोय नाही.

इसहाकाच्या विहिरी

पवित्र शास्त्रात विहिरींच्या पुष्कळ गोष्टी आहेत. मला या प्रश्नावर विचार करताना उत्पत्तीच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय फार उपयोगी पडला. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने त्यांना दिलेली नावेच पुन्हा ठेवली. पुढे त्याच्या चाकरांना झऱ्याचे पाणी लागले, तर तिथले गुराखी भांडायला आले. पाणी आमचे, असा त्यांचा दावा. इसहाकाने त्या विहिरीला 'भांडण' या अर्थाचे नाव दिले आणि दुसरी खणली. तिच्यावरूनही वाद झाला. तिला 'वैर' या अर्थाचे नाव दिले आणि तो पुढे सरकला. तिसऱ्या विहिरीवरून कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे ऐसपैस जागा.

इसहाक दुबळा होता म्हणून मागे हटला असे नाही. तो इतका बलवान झाला होता, की त्या देशाचा राजाच त्याला वचकून होता. तो लढू शकला असता. पण ज्या विहिरीमुळे शेजारी वैरी होतो, ती विहीर पाण्याने कितीही भरलेली असली तरी तिथे राहण्यात अर्थ नाही, हे त्याने ओळखले. जिथे आपल्यालाही जागा आहे आणि इतरांनाही आहे, तिथेच देवाचा आशीर्वाद आहे.

आपल्याला मात्र इसहाकासारखे पुढे सरकता येणार नाही. आपल्या एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला वाढते शहर. आपले रहोबोथ आपल्याला इथेच, आहे त्याच जमिनीत निर्माण करावे लागेल.

सातवी आज्ञा

माझ्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीत फार पूर्वीपासून आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी मालमत्तेसंबंधी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. वस्तू स्वतःच्या नावावर ठेवणे आणि तिचा सांभाळ करणे योग्य आहे, कारण ज्याची वस्तू त्याचे लक्ष. पण तिचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची आहे असे समजूनच वागावे, गरजवंताला देण्यास तयार असावे. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ सालच्या आपल्या परिपत्रात याच अर्थाने म्हटले, की खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. गहाण म्हणजे काय, हे आपल्यासारख्या वाडीवाल्यांना वेगळे सांगायला नको. सातबारा माझ्या नावावर असतो, पण त्यावर बोजा चढलेला असतो, आणि तो बोजा न फेडता मी ती जमीन मन मानेल तशी वापरू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सृष्टीच्या जपणुकीचा विषय कुठे घेतला आहे? सातव्या आज्ञेखाली! परिच्छेद २४१५ मध्ये. 'चोरी करू नको' या आज्ञेत सृष्टीचा मान राखणेही येते आणि त्यात पुढच्या पिढ्यांचाही विचार करावा लागतो, असे तिथे शिकवले आहे. ज्या गोष्टीबद्दल 'ही काही चोरी नव्हे' असे मी स्वतःला समजावत होतो, ती ख्रिस्तसभेने नेमकी चोरीच्याच प्रकरणात घातली आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र लिहिले. पिण्याचे शुद्ध पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी त्यात ठामपणे सांगितले. त्याच परिपत्रात ते पाणी जपून वापरण्याविषयी, गरजेपुरते शिजवण्याविषयी, नको असलेले दिवे बंद करण्याविषयीही बोलतात. एवढ्या मोठ्या धर्मपीठावरून इतक्या घरगुती गोष्टी! पण पाप जर घरगुती असेल, तर पश्चात्तापही घरगुतीच असणार.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर असे. विहीर माझी आहे. तिचा कठडा बांधणे, गाळ काढणे, तिच्यात घाण जाऊ न देणे हे माझे काम आहे. पण तिच्यातले पाणी माझे नाही. त्यातला आजच्या गरजेचा वाटा माझा. उरलेले माझ्याकडे सांभाळायला दिलेले आहे, शेजाऱ्याचे आणि अजून न जन्मलेल्यांचे.

"माझ्या एकट्याने काय होणार?"

इथे दोन आक्षेप हमखास घेतले जातात. दोन्ही मी स्वतःही घेतले आहेत.

पहिला आक्षेप असा, की हजारो पंप चालू असताना माझा एक पंप बंद ठेवून काय फरक पडणार? हे वाक्य पटण्यासारखे आहे. पण जरा नीट पाहू या. पाणी उपसताना मी म्हणतो, माझ्या एका पंपाने कोणाचे नुकसान होत नाही. पाणी वाचवायची वेळ आली, की म्हणतो, माझ्या एका पंपाने कोणाचा फायदा होत नाही. प्रत्येक जण हेच म्हणत असेल आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असेल, तर वसईत एकही विहीर खारी व्हायला नको होती. पण विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. त्या कोणा एका राक्षसाने एका रात्रीत खाऱ्या केल्या नाहीत. 'माझ्या एकट्याने काय होणार' असे म्हणणाऱ्या माणसांनीच त्या मिळून केल्या. एकेका पंपाला हानी करण्याची शक्ती असेल, तर एकेका संयमालाही भले करण्याची शक्ती असलीच पाहिजे.

शिवाय, आपण चांगुलपणाचे माप नेहमी परिणामाने काढत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेच्या दानाने मंदिराच्या खजिन्यात काय भर पडली असेल? प्रभू येशूने ते मोजलेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "तुम्ही गरिबाला तांब्या-तांब्याचा हिशेब सांगता. मोठे बांधकामवाले, टँकरचा धंदा करणारे, जलवाहिन्या फुटून रस्त्यावर वाहणारे पाणी, नियम धाब्यावर बसवून दिलेल्या परवानग्या यांचे काय?" हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. ज्याच्या हाती सत्ता जास्त, त्याची जबाबदारीही जास्त. घरोघरी नळ घट्ट बंद करायला सांगायचे आणि मोठ्या उपशाकडे डोळेझाक करायची, हा धर्म नव्हे.

पण यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात दोन्ही बाजू एकत्र आलेल्या आहेत. अध्यायाच्या सुरुवातीला देव मेंढपाळांना, म्हणजे लोकांच्या पुढाऱ्यांना, जाब विचारतो. तो अतिशय कठोर आहे. पण तिथेच न थांबता तो मेंढरांकडेही वळतो. तुम्ही स्वच्छ पाणी प्यायलात हे पुरेसे नव्हते का, उरलेले पायांनी गढूळ कशाला केलेत, असा त्याचा प्रश्न आहे. मेंढपाळ दोषी आहेत म्हणून मेंढरांची सुटका होत नाही. आणि टँकरला स्वतःची विहीर नसते. तो कोणाच्या तरी वाडीत भरला जातो आणि कोणाच्या तरी दारात रिकामा होतो. मधला धंदेवाला एक असेल, पण दोन्ही टोकांना आपणच असतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा घराघरांतून माणसे रस्त्यावर उतरली होती. फादर २०२४ साली देवाघरी गेले. त्यांच्या आठवणीने आपले डोळे पाणावतात. पण ज्या वाड्यांसाठी ती चळवळ झाली, त्याच वाड्यांतून पुढे टँकर भरले गेले असतील, तर ती आठवण कोणत्या तोंडाने काढायची? मोठ्यांना जाब विचारायलाच हवा. तो विचारणाऱ्याचे हात स्वच्छ असले, तर आवाजाला धार येते.

नळाचे पाणी कुठून येते?

आपल्यापैकी पुष्कळ जण आता इमारतीत राहतात. त्यांना वाटेल, विहिरीच्या या चर्चेशी आपला काय संबंध? आपण पाणीपट्टी भरतो, प्रश्न मिटला.

परंतु आपल्या भागाला पाणी पुरवणारा सूर्या प्रकल्प मुळात पालघरच्या ग्रामीण भागातील शेतीच्या सिंचनासाठी होता. तिथे बहुतांश वस्ती आदिवासी बांधवांची आहे. त्या पाण्याचा मोठा हिस्सा पुढे शहरांकडे वळवण्यात आला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शहरातल्या माणसालाही तहान आहे, त्याने पाणी पिऊच नये असे कोणी म्हणणार नाही. पण नळाची तोटी सोडताना, हे पाणी एखाद्या भाताच्या खाचराच्या वाटणीचेही होते, एवढी जाणीव असावी. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे शासनाचे प्रमाण आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटरचे उद्दिष्ट आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात सुमारे वीस लिटर पाणी घालवतो. म्हणजे आपल्या स्नानगृहातला एक नादुरुस्त नळ खेड्यातल्या माणसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा रोज गटारात सोडतो. पाणीपट्टीने त्या पाण्याची किंमत चुकती होते. त्याचे ऋण फिटत नाही.

परतफेड

मी दोन वर्षे हा विषय पापनिवेदनात टाळला. सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही, असे मी म्हणेन, पण ते पूर्ण खरे नाही. शेवटी एका प्रायश्चित्तकाळात बोललो. फादरांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी इतकेच विचारले, "परत काय करणार?"

त्या प्रश्नाने मला जक्कय आठवला. त्याने प्रभूचे घरी स्वागत केले आणि नुसते डोळे गाळले नाहीत. ज्याचे घेतले होते त्याला चौपट परत करण्याचा शब्द दिला. सातव्या आज्ञेविरुद्ध केलेल्या पापात क्षमेबरोबर परतफेडही येते. पण पाणी परत कसे करायचे?

आधी मी मावशीकडे गेलो आणि सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. टँकर माझ्याच दारावरून जायचा." मी विचारले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुझ्या पोरीचं लग्न होतं ना." यावर मला काहीही बोलता आले नाही.

त्यानंतर टँकर बंद केला. बावखलातला राडारोडा आम्ही दोन उन्हाळे खपून काढला. घराच्या छपराचे पाणी पन्हळी लावून, वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडले. आपल्याकडे दर पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो दोन लाख लिटर होतो. दहा हजार लिटरचे वीस टँकर! काही वाया गेले असे धरले, तरी पंधरा टँकर पाणी एका साध्या घराच्या छपरावरून जमिनीला परत देता येते. शेजारच्या तीन घरांशी बोलून पंप चालवण्याची वेळ ठरवून घेतली. एप्रिल-मे महिन्यांत घरापुरते आणि झाडे जगण्यापुरतेच पाणी काढायचे, असे ठरले. एका वर्षी एकाने ते मोडले, तो मीच होतो. पुन्हा सुरुवात केली.

मावशीची विहीर पूर्ण सुधारली असे सांगता आले असते तर मला आनंद झाला असता. तीन पावसाळ्यांनंतर तिचे पाणी फेब्रुवारीपर्यंत गोडे राहू लागले. मे महिन्यात पुन्हा मचूळ. दोन वर्षांपूर्वी मावशी देवाघरी गेली, तेव्हा मे महिनाच होता. तिची क्षमा मला मिळाली, पण तिचे पाणी मी तिला परत देऊ शकलो नाही. काही पापांची परतफेड ज्याचे घेतले त्याला करता येत नाही, ती पुढच्या माणसाला करावी लागते. मावशीची नात आता त्या घरात राहते. तिच्या लेकराच्या वाट्याला ती विहीर बाराही महिने गोडी यावी, यासाठी मला जगायचे आहे.

आपण काय करू शकतो?

दर वर्षी १ सप्टेंबरला सृष्टीच्या जपणुकीसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते. त्या दिवसाची वाट न पाहता या आठवड्यात आपल्या लघु ख्रिस्ती समूहात पुढील प्रश्नांवर बोलावे, अशी विनंती आहे.

१. आपल्या आळीत किती विहिरी, किती बोअरवेल, किती बावखले आहेत? त्यांतली किती बुजली, आणि कोणी बुजवली?

२. आपल्या घरातला कोणता नळ गळतो? तो या आठवड्यात दुरुस्त होईल का?

३. छपराचे पाणी गटारात जाते की जमिनीत? चार घरे मिळून खर्च वाटून घेता येईल का?

४. पैशांच्या अडचणीमुळे कोणी पाणी विकत असेल, तर त्याला दोष देण्याआधी आपण त्याची भाजी, केळी, फुले रास्त भावाने विकत घेतो का?

५. पापनिवेदनाआधी आपण जे आत्मपरीक्षण करतो, त्यात सातव्या आज्ञेपाशी पाण्याचा विचार कधी केला आहे का?

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या प्रत्येकाच्या मस्तकावर पाणी ओतले गेले. ते पाणी कोणाच्या विहिरीचे होते, हे आपण कधी विचारले नाही. कोणीतरी ते जपून ठेवले होते म्हणून आपल्याला मिळाले. उद्या या वेदीसमोर आणल्या जाणाऱ्या बाळांसाठीही ते असेच असावे. आजचे मिस्सा संपल्यावर घरी जाताना आपापल्या विहिरीत एकदा डोकावून पाहा. विहीर नसेल तर नळाकडे पाहा. आणि जे उरले आहे त्याबद्दल प्रभूचे आभार मानून, ते कोणासाठी उरवायचे आहे त्याचे नाव मनात घ्या.